बेरिलियम-१०: मुंबईत मांडलेला हिशेब आणि वीस वर्षांनी आलेले यंत्र

१/ भोसरी-चाकण पट्ट्यातील ओतकामाच्या कारखान्यांत धातूचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासतात. दहा लाखांत काही भाग इतका अल्प घटकही त्यात सापडतो. पण लाख कोटी अणूंत एकच वेगळा असेल, तर तो कसा हुडकायचा? या प्रश्नाच्या इतिहासातील मुंबईच्या वाट्याविषयी हा धागा.

२/ बर्नार्ड पीटर्स हे जर्मनीत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ. नाझींच्या डाखाऊ छावणीत कैद भोगून ते अमेरिकेत पोहोचले आणि ओपेनहायमर यांचे विद्यार्थी झाले. १९४९ मध्ये त्याच गुरूंनी चौकशी समितीपुढे त्यांच्या डाव्या राजकारणाविषयी साक्ष दिली. पीटर्स तेव्हा रॉचेस्टर विद्यापीठात होते. पुढे अमेरिका सोडून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

३/ १९५५ मध्ये त्यांनी येथून एक विचार मांडला. वैश्विक किरण वातावरणातील नायट्रोजन व ऑक्सिजनची अणुकेंद्रे फोडतात. त्या तुकड्यांत बेरिलियम-१० असते. ते पावसाबरोबर खाली येते आणि अखेर समुद्रतळाच्या गाळात साठते. कार्बन-१४ चे घड्याळ सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे थकते. बेरिलियम-१० चे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे, म्हणून त्याची धाव लाखो वर्षांची.

४/ १९५७ मध्ये गोयल, देवेंद्र लाल, पीटर्स व सहकाऱ्यांनी सागरी गाळातील बेरिलियम-१० ची मोजणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत जेम्स अर्नोल्ड यांनीही स्वतंत्रपणे हाच समस्थानिक शोधला होता.

५/ मात्र मोजण्याची रीत तेव्हा एकच होती: अणू विघटित होण्याची वाट पाहणे. बेरिलियम-१० च्या २० लाख अणूंपैकी वर्षाकाठी साधारण एकच विघटित होतो. बाकीचे सारे मोजणीबाहेर राहतात. शहराची लोकसंख्या केवळ मृत्यूनोंदीवरून काढावी, तसा हा प्रकार. जितका समस्थानिक दीर्घायुषी, तितका तो या रीतीला अदृश्य.

६/ वाट १९७७ मध्ये खुली झाली. विघटनाची प्रतीक्षा न करता अणूच थेट मोजायचे, तेही कणत्वरकाच्या साहाय्याने. बर्कलीत रिचर्ड मुलर यांनी ही कल्पना मांडली. त्याच वर्षी कार्बन-१४ चे अणू अशा रीतीने टिपणाऱ्या गटांपैकी एक रॉचेस्टरचा होता, म्हणजे पीटर्स यांनी सोडलेल्या विद्यापीठाचाच. १९७८ मध्ये रेझबेक, यू व सहकाऱ्यांनी ग्रेनोबलच्या सायक्लोट्रॉनवर बेरिलियम-१० मोजले.

७/ हे साधते कसे? आजच्या यंत्रांत नमुन्यातील बेरिलियम ऑक्साइडवर सिझियमचा मारा करून ऋणभारित रेणू काढतात. लाखो व्होल्टचा दाब त्यांना वेग देतो. वाटेतल्या पातळ पापुद्र्यातून किंवा वायूतून जाताना रेणू फुटतात आणि त्यांच्या रूपाने होणारी फसगत टळते. चुंबक वस्तुमानानुसार निवड करतो. तरी बोरॉन-१० उरतोच, कारण त्याचे वस्तुमान जवळपास तेवढेच. पण त्याच्या केंद्रावरचा भार एकाने जास्त असल्याने पदार्थातून जाताना तो अधिक ऊर्जा गमावतो. तेथे तो मागे पडतो आणि बेरिलियम-१० शोधकापर्यंत पोहोचते.

८/ मुंबईतही १९८८ मध्ये पेलेट्रॉन त्वरक सुरू झाला. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्र व टाटा संस्थेने त्यावर क्लोरीन-३६ मोजण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३ लाख वर्षे.

९/ मात्र यंत्र केवळ अणू मोजते, वय सांगत नाही. त्यासाठी मुळात किती अणू निर्माण होतात हे ठाऊक हवे. तो हिशेब लाल व पीटर्स यांनी १९६७ च्या आपल्या विस्तृत लेखात मांडला आणि लाल यांनी १९९१ मध्ये तो खडकांच्या पृष्ठभागासाठी तपशिलाने केला.

१०/ याचे फळ भारतालाही मिळाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन केलेल्या शांती पप्पू व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तामिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील दगडी हत्यारांचे वय प्रसिद्ध केले: सुमारे १५ लाख वर्षे. ते ठरवताना बेरिलियम-१० व ॲल्युमिनियम-२६ मोजले होते. भारतातील माणसाच्या पूर्वजांचा इतिहास त्याने कितीतरी मागे नेला. मुंबईत कागदावर मांडलेल्या एका समस्थानिकाने तो कालखंड मोजून दिला.