दिव्यातला टोपीवाला

रस्ता ओलांडताना आपण काय पाहतो? कोणीही सांगेल, 'दिवा आणि गाड्या.' मला हे उत्तर अर्धेच खरे वाटते. पाऊल उचलण्याआधी आपली नजर हळूच शेजारच्या माणसाकडे जाते. तो निघाला की आपणही निघतो. दिव्याने सांगावे आणि माणसाने शेजाऱ्याचे ऐकावे, असा हा जुना झगडा आहे.

लंडनला पार्लमेंटसमोर डिसेंबर १८६८ मध्ये नाइट नावाच्या रेल्वे-इंजिनिअरच्या कल्पनेतून आगगाडीच्या सिग्नलसारखा एक खांब उभा राहिला. मोटारी तेव्हा रस्त्यावर यायच्या होत्या. पायी चालणाऱ्याला धाक होता तो घोडागाड्यांचा. दिवसा खांबाचे हात वरखाली होत, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे लागत आणि खाली पोलीस उभा असे. पण महिन्याभरातच गॅसचा स्फोट झाला, बिचारा पोलीस जखमी झाला आणि प्रयोग बारगळला.

पुढे विजेचे दिवे आले. लाल म्हणजे थांबा, हे पोराबाळांनाही कळू लागले. तरीही माणसे का निघतात? १९५५ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरी तीन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच माणसाला त्यांनी कधी ऐटबाज सूट, तर कधी कामकऱ्याचे मळके कपडे घालून, 'थांबा' अशी खूण असताना रस्ता ओलांडायला लावले. सूटवाल्याच्या मागे अधिक लोक निघाले! रस्ता तोच, धोका तोच; बदलले होते ते फक्त कपडे. प्रतिष्ठितांच्या मागे जाण्याची खोड माणूस रस्त्यावरही सोडीत नाही, हे वाचून मला हसू आले आणि थोडी भीतीही वाटली.

माणूस माणसाकडेच पाहणार असेल, तर दिव्यातच माणूस का बसवू नये? वाहतुकीचे मानसशास्त्रज्ञ कार्ल पेग्लाऊ यांनी १९६१ साली पूर्व बर्लिनमध्ये हेच सुचवले. त्यांचा गुटगुटीत टोपीवाला लाल झाला की दोन्ही हात पसरून वाट अडवतो. हिरवा झाला की ढांगा टाकीत निघतो. १९९० मध्ये जर्मनी एक झाल्यावर त्याला हटवू लागले, तेव्हा लोकांनीच आग्रह धरून त्याला वाचवले. हुकूम करणाऱ्या खांबासाठी इतके कोण भांडले असते?

आपल्या मुंबईतही २०२० साली दादर-माहीम भागातील सिग्नलांवर स्त्रीची आकृती झळकली. मला ते फार आवडले. मात्र या सगळ्या दिव्यांहून मोठा दिवा आपण स्वतःच असतो. सणाच्या गर्दीत, हातात पिशव्या घेऊन, 'चला, आहे वेळ' म्हणत आपण लाल दिव्यावर निघतो, तेव्हा मागे उभे असलेले एखादे पोर दिव्याकडे पाहत नसते. ते आपल्या पावलांकडे पाहत असते.