सूर्येवरून वसईला, साल १६०१

कार्तिकातली सकाळ आहे. मासवणला सूर्येच्या काठी तुम्ही उभे आहात, पण पालघर-मनोर रस्ता कुठेच दिसत नाही. नदीकडेला पडाव लागलाय. अशेरीकडच्या रानातून आणलेले सागाचे ओंडके माणसं खांद्यावरून उतरवून त्यात रचताहेत. अशेरीगड १५५६ पासून पोर्तुगीजांकडे आहे आणि त्याखालचा साग त्यांना जहाजांसाठी हवा असतो. पडावात चढा. हे लाकूड जातं तिथेच तुम्हाला जायचंय.

सूर्या वैतरणेला मिळते, पात्र रुंदावतं, ओहोटी पडावाला ओढून नेते. अर्नाळ्याचं बेट मागे पडलं की उघडा समुद्र लागतो. शेजारून एक जहाज जातं. त्याच्या शिडावरचा लाल क्रूस नीट पाहा, तो मूळचा धर्मयोद्ध्यांचा आहे. जेरुसलेमसाठी लढलेल्या टेम्पलर योद्ध्यांचा संघ पोपने १३१२ मध्ये बरखास्त केला. पोर्तुगालच्या राजा दिनिशने १३१९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ हा नवा संघ उभा केला आणि टेम्पलरांची तिथली मालमत्ता त्याच्याकडे आली. पुढे याच संघाच्या पैशावर राजपुत्र हेन्रीने आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजं पाठवली. धर्मयुद्धाचं ते निशाण असं आपल्या समुद्रात पोचलं.

वसईचं टोक वळून पडाव खाडीत शिरतो आणि तट दिसतो. हुमायूनच्या स्वारीने धास्तावलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. १५३६ मध्ये किल्ल्याचं काम सुरू झालं. आता तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीवर अख्खं शहर तटाआड गेलंय. बुरुजांना संतांची नावं आहेत: सान सेबॅस्टियन, सान गोन्सालो, सान्तियागो. यातला सान्तियागो म्हणजे घोड्यावर बसून लढणारा, योद्ध्यांचा संत.

दर्या दरवाजातून आत या. फळ्यांवर लोखंडी खिळे आहेत. आतल्या गल्ल्यांतून फिदाल्गो, म्हणजे खानदानी सरदार, छत्र्या धरणाऱ्या नोकरांसह चाललेत. त्यांचे वाडे दुमजली आहेत. या शहराला ‘उत्तरेचा दरबार’ म्हणतात, ते याच लोकांमुळे.

बालेकिल्ल्याच्या दाराशी थांबा. दारावर दगडात कोरलेला क्रूस पाहा. समुद्रावर शिडावर पाहिला तोच हा. शेजारी पोर्तुगालची राजचिन्हं आहेत.

छिन्नीचा आवाज येतोय तिकडे चला. सेंट जोसेफचं मोठं चर्च याच वर्षी नव्याने उभं राहतंय. पाथरवटांच्या अंगावर दगडाची धूळ आहे. वसईचा हा दगड त्यांच्या घडाईनिशी गोव्यालाही जातो. तिथे बॉम जेझूस चर्चचं काम चालू आहे, त्याच्या दर्शनी भिंतीला हाच दगड लागणार आहे.

जेझुइटांच्या चर्चकडे लोक हळू आवाजात एका मुलाबद्दल बोलताहेत. गोन्सालो गार्सिया इथेच जन्मला, आई इथलीच. तो याच पाद्र्यांच्या हाताखाली शिकला आणि पुढे जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला क्रुसावर चढवलं, त्याला चार वर्षं झालीत. १८६२ मध्ये रोम त्याला संत ठरवेल. हे या गल्लीत अजून कोणाला ठाऊक नाही.

आता घाई करा, साल १७३९ आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेने जानेवारीत तारापूर घेतलंय आणि फेब्रुवारीपासून वसईला मोर्चे लागलेत. मे महिन्यात सान सेबॅस्टियनच्या बुरुजाखाली सुरुंग उडतात, तटाला भगदाड पडतं. मराठ्यांची माणसं ढिगाऱ्यावरून वर चढतात, पडतात, पुन्हा चढतात. १६ मेला पोर्तुगीज शरण येतात. अटींप्रमाणे त्यांना शस्त्रांसह बाहेर जाऊ दिलं जातं. चर्चमधल्या घंटा घाटावरच्या देवळांत जातात. त्यातली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही आहे.

वसईचा किल्ला बघताना आपण दोनच गोष्टी आठवतो: बांधला परक्यांनी आणि जिंकला आपण. या दोन्हींच्या मध्ये दोनशे वर्षं आहेत आणि ती अशेरीच्या रानातून लाकूड काढणाऱ्यांची, खाडीवर पडाव हाकणाऱ्यांची, दगड घडवणाऱ्यांचीही आहेत. त्यांची नावं शिलालेखांत नाहीत. म्हणून तट पडू देणं, चर्चच्या भिंतींवर नावं कोरणं, ही परक्याच्या वास्तूची हेळसांड नसते. आपल्याच माणसांचं काम आपण पुसत असतो. पुढच्या वेळी किल्ल्यात गेलात तर बालेकिल्ल्याच्या दारावरचा क्रूस जरूर पाहा, आणि तो कोरताना छिन्नी कोणाच्या हातात होती, हेही सोबतच्या मुलांना सांगा.