चंद्रपूरची राखीव जागा : दीक्षेनंतरची ५३ वर्षे



चंद्रपूर विधानसभा मतदारसंघ आज अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. चंद्रपूर शहर आणि त्याला लागून असलेला घुग्घुसचा कोळसा पट्टा यात येतो. "तुम्हाला काय, फुकटात जागा मिळाली," हा टोमणा वस्तीत काम करताना आम्ही अनेकदा ऐकतो. टोमणा मारणाऱ्यांना या जागेचा इतिहास माहीत नसतो. दुःख याचे की आपल्याही अनेकांना तो माहीत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेब चांद्याला आले. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांच्या या गावात प्रचंड जनसमुदायाने बुद्धाचा धम्म स्वीकारला. लोकांनी जातीचे ओझे फेकले आणि कायद्याने त्याची किंमत वसूल केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असायला हवा होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, बौद्ध आले नाहीत. महाराष्ट्र सरकारने १९६० पासून बौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. पण विधानसभेच्या राखीव जागा ठरतात त्या जनगणनेतील आकड्यावर, आणि त्या आकड्यात आपण नव्हतो.

शेजारचे गडचिरोली पाहा. १९८२ पर्यंत दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. गोंड किंवा माडिया माणसाने कोणताही धर्म मानला तरी त्याची नोंद टिकते. आज आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी हे तिन्ही मतदारसंघ जमातींसाठी राखीव आहेत. तो आदिवासी बांधवांचा हक्कच आहे. आमचा प्रश्न एवढाच : धर्माची अट आपल्यालाच का?

आता आकडे पाहू. १९७१ च्या जनगणनेत राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ६ टक्के भरले. ३२ लाखांहून अधिक बौद्ध त्या मोजणीबाहेर राहिले. त्यावरून २८८ पैकी १८ जागा राखीव ठरल्या. १९९० मध्ये केंद्राने कायदा बदलून बौद्धांना अनुसूचित जातींत घेतले आणि १९९१ च्या जनगणनेत प्रमाण ११ टक्क्यांवर गेले. तरी जागा १८ च राहिल्या, कारण ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची फेररचना गोठवलेली होती. चंद्रपूर २००४ पर्यंत खुलाच होता. २००१ च्या जनगणनेवर आधारित २००८ च्या पुनर्रचनेत राखीव जागा २९ झाल्या, त्यात चंद्रपूर आले. पहिली राखीव निवडणूक झाली २००९ मध्ये. म्हणजे दीक्षेनंतर ५३ वर्षांनी! बौद्धांची मोजणी आधी झाली असती तर चंद्रपूरच राखीव झाले असते, असा आमचा दावा नाही. पण राज्यातल्या कितीतरी जागा आपण तीन दशके गमावल्या, हे नाकारता येत नाही.

मग जागा मिळाली म्हणजे सत्ता मिळाली का? नाही. पुणे करारापासून मतदारसंघ संयुक्त आहे. उमेदवार आपला, पण निवडणार सगळे. २००९ आणि २०१४ मध्ये भाजपचे नाना शामकुळे, २०१९ मध्ये अपक्ष किशोर जोरगेवार आणि २०२४ मध्ये तेच भाजपकडून निवडून आले. आंबेडकरी पक्ष एकदाही नाही. जागा आकड्याने मिळते, ती जिंकायला संघटन लागते. आपले गट किती, हे वेगळे सांगायला नको.

पुढची जनगणना २०२७ ची आहे आणि तिच्यानंतर पुनर्रचना होऊ शकते. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहायचेच. पण जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' लिहिले तर अनुसूचित जातीतली आपली मोजणी चुकते. त्या रकान्यात यादीतली जात लिहिताना अनेकांना बावीस प्रतिज्ञा आठवून अपमान वाटतो. ती वेदना आमचीही आहे. पण जातीची नोंद म्हणजे जातीवरची श्रद्धा नव्हे. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा तो सरकारी पुरावा आहे. प्रगणक दारात येण्याआधी प्रत्येक विहारात यावर चर्चा व्हायला हवी. एकदा चुकलेला आकडा दुरुस्त व्हायला किती वर्षे लागतात, हे चंद्रपूरने पाहिले आहे.