दैनिकाच्या कचेरीतून हिमालयाकडे

बदरी-केदारची यात्रा करून आलेल्या वडीलधाऱ्यांकडे मावंदे झाले की मंडळी त्यांच्याभोवती बसत, आणि वाटेतल्या चट्ट्या, दोरांचे पूल, थंडीचा कडाका यांच्या गोष्टी रात्री उशिरापर्यंत चालत. त्या लिहून ठेवाव्यात असे मात्र फारसे कोणाच्या मनात येत नसे. ज्यांच्या मनात आले त्यांपैकी एक गृहस्थ आमच्याच मुलखातले. आणि त्यांनी त्या लिहिल्या गुजरातीत!

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यास झाला. मूळ गाव सावंतवाडीकडील कालेली, घर बेळगावनजीक बेळगुंदीस. १९०७ साली फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतल्यावर बेळगावात काही काळ शिक्षकी करून ते मुंबईच्या ‘राष्ट्रमत’ दैनिकाच्या संपादकवर्गात दाखल झाले. ते पत्र अल्पायुषी ठरले. पण समोर बसलेल्या माणसाला उद्देशून, त्याला कळेल असे आणि आजच्या आज लिहावयाचे, ही दैनिकाची शिस्त त्यांच्या हाती कायमची बसली असे आम्हांस वाटते.

पत्रानंतर शाळा. बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षकांस नात्याने हाक मारण्याचा प्रघात होता. कोणी मामा, कोणी अण्णा. कालेलकर झाले ‘काका’, आणि जन्मभर तेच नाव राहिले. राष्ट्रीय वृत्तीमुळे ही शाळाही सरकारच्या डोळ्यांत खुपली आणि १९१२ साली बंद पडली. पत्र गेले, शाळा गेली. सव्वीस वर्षांच्या या तरुणाने हिमालयाची वाट धरली. बरोबर अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद. जमनोत्री, गंगोत्री, केदार, बदरी असे चारी धाम पायी झाले.

हे लेखकाचे पर्यटन नव्हते. साधनेसाठी निघालेल्या यात्रेकरूची ती पायपीट होती, आणि पुस्तकाचा विचारही तेव्हा नसावा. १९१५ साली शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली व काका पुढे साबरमतीच्या आश्रमात आले. तेथील मुलांच्या हस्तलिखित मासिकासाठी त्यांनी जुनी यात्रा आठवून लिहावयास घेतली. ‘हिमालयनो प्रवास’ पुस्तकरूपाने निघाले ते १९२४ साली, चाललेल्या वाटेला बारा वर्षे झाल्यावर.

‘नवजीवन’ पत्राच्या संपादनाचा भारही त्यांच्यावर आला, आणि तुरुंगवासही आला. पण पाहणाऱ्याला प्रवासास मुलूख लागतोच असे नाही. साबरमतीच्या तुरुंगातील भिंतीआडची झाडे आणि पाखरे यांवर त्यांनी ‘ओतराती दीवालो’ हे छोटे पुस्तक लिहिले. आम्हांस ते त्यांच्या कित्येक मोठ्या पुस्तकांहून प्रिय आहे.

आमच्या मंडळींची तक्रार ठाऊक आहे: मराठीचा हा लेखक गुजरातीने नेला. गांधीजी तर त्यांस ‘सवाई गुजराती’ म्हणत, आणि १९६५ चा साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्यांस गुजराती ग्रंथासाठीच मिळाला. हळहळ आम्हांसही वाटते. परंतु समोर बसलेली मुले गुजराती होती, म्हणून ते गुजरातीत लिहीत. दैनिकाची शिस्त ती हीच. शिवाय नद्यांवर लिहावयास बसले तेव्हा गंगा-यमुनांच्या पंक्तीला त्यांनी कोणास बसवले? बेळगुंदीची मार्कंडी! जिचे नाव बेळगाव परिसराबाहेर क्वचितच कोणाच्या कानी असेल, त्या नदीला त्यांनी ‘सखी’ म्हटले.

या कहाणीचा एक धागा गोव्यात येतो. १९४९ साली रवींद्र केळेकर नावाचा गोमंतकीय तरुण काकांपाशी वर्ध्यास गेला. तेथून त्याने ‘मिर्ग’ हे कोंकणी पत्र चालवले. पुढे कित्येक वर्षे ‘जाग’ मासिकाचे संपादन केले. गुरूप्रमाणे तोही पत्रकार, तोही संपादक, आणि तोही हिमालयात जाऊन आलेला. गुरूने घरची भाषा सोडून समोरच्या मुलांची भाषा धरली. शिष्याने समोर आपलेच गाव बसले आहे असे मानून कोंकणीत लिहिले. साहित्य अकादमीने कोंकणीला पहिला पुरस्कार १९७७ साली दिला. तो ज्या पुस्तकास मिळाला ते केळेकरांचे प्रवासवर्णन, ‘हिमालयांत’. काका तेव्हा ब्याण्णवीच्या घरात होते.