धर्माधिकारी, चंद्रशेखर शंकर
(२० नोव्हेंबर १९२७–३ जानेवारी २०१९). न्यायमूर्ती, गांधीविचारांचे भाष्यकार. नागपूर विद्यापीठाचे विधी पदवीधर. जन्म रायपूरचा. सर्वोदयी विचारवंत दादा धर्माधिकारी हे त्यांचे वडील. त्यांच्यामुळे वर्ध्याचे गांधी-विनोबांचे वातावरण घरचेच. १९४२च्या चळवळीत भाग घेतला. पुढे नागपूरला वकिली केली. १९७२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. १९८९ मध्ये निवृत्त.

त्यांच्या कामाचा खरा कस मात्र निवृत्तीनंतर, डहाणूत लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचे ते अध्यक्ष होते. १९९८ मध्ये प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला. डहाणूतील ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्राला धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. चिमणीकडे जाणारा धूर समुद्राच्या पाण्याने धुवायचा, अशी ती योजना. वीजकेंद्र चालवणाऱ्या कंपनीची चालढकल पाहून २००५ मध्ये ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली, तेव्हा काम हलले. डहाणूतील चिकूच्या वाड्या आणि मच्छीमार यांच्या बाजूने इतके चिवट न्यायिक काम क्वचितच झाले असेल.

वर्ध्यातील गोपुरी येथील गांधी विचार परिषदेचेही ते अध्यक्ष होते. ‘शोध गांधींचा’ हे त्यांचे पुस्तक. केंद्र सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्यांचे चिरंजीव सत्यरंजन हेही पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.