थोरल्याचा सदरा

जुने आयपॉड विकत घेणारा माणूस वस्तू हातात आली की आधी ती पालथी घालतो. स्क्रीनला चरा आहे का, बटण दबतंय का, हे सगळं नंतर. आधी पाठीवरची मुंगीच्या पायांएवढी अक्षरं वाचायची: एक 'ए' आणि पुढे चार आकडे. सोयरीक जुळवताना गोत्र विचारावं तसं. चेहऱ्यावरून या घराण्यात कोण कुठल्या पिढीचा, हे ओळखायला गेलात तर फसाल.

२००९ सालचंच घ्या. त्या सप्टेंबरात ॲपलने आयपॉड टचचे नवे दर लावले. आठ जीबीचा १९९ डॉलरला, बत्तीसचा २९९ला, चौसष्टचा ३९९ला. तिघांची उंची तीच, जाडी तीच, पाठ तशीच आरशासारखी. गिऱ्हाइकाला वाटणार, फरक काय तो गाणी किती मावतात याचाच. प्रत्यक्षात बत्तीस आणि चौसष्टवाल्यांच्या पोटात नवा, वेगवान प्रोसेसर होता आणि आठवाल्याच्या पोटात आदल्या वर्षीचाच. पालथं घातलं की पहिल्या दोघांवर दिसतं ए१३१८ आणि आठवाल्यावर ए१२८८. काका आणि पुतणे एकाच फळीवर, एकसारखे कपडे घालून उभे, आणि वयाचा दाखला तेवढा पाठीला चिकटवलेला.

त्यांना 'पिढी' म्हणायचं, हेही तसं गमतीचंच. कंपनी 'जनरेशन' म्हणते, दुकानदार 'थर्ड जेन, फोर्थ जेन' म्हणून मोकळा होतो. आपल्याकडे पिढी म्हणजे पंचवीसेक वर्षांचा हिशेब. श्राद्धाला बाप, आजा, पणजा अशी तीन नावं घ्यायची तर मागे शंभर वर्षं जावं लागतं. आयपॉड टचने ही तीन नावं सप्टेंबर २००७ ते सप्टेंबर २००९ एवढ्या दोन वर्षांत उरकली. नवं मॉडेल आलं की मग तुलनेचे तक्ते निघतात: टॅबलेट घ्यावा की खिशातला प्लेयर, जुना ठेवावा की नवा. इंच, जीबी, ग्रॅम, तास. हे तक्ते मीही आवडीने वाचलेत, पण त्यांत एक रकाना कधीच नसतो. आतली चिप या वस्तूच्या अंगावर कोरी आली की दुसऱ्या कुणाच्या अंगावरून उतरून आली? मी तिघा भावांतलं शेंडेफळ, त्यामुळे हा प्रश्न मला सुचण्यात फार हुशारी नाही. पण घरात मान कुणाला आहे, ते नवा सदरा कुणाला मिळतो त्यावरून कळतं, हे मी दहावीपर्यंत अंगावर वागवलं आहे.

खिशातल्या प्लेयरचं मूळ पाहिलं तर तो जन्मला वजाबाकीतूनच. सोनीकडे बातमीदारांसाठी केलेला प्रेसमन नावाचा छोटा टेपरेकॉर्डर होता. त्यातली ध्वनिमुद्रणाची यंत्रणा काढली, स्पीकर काढला, स्टिरिओ आवाज घातला, हलके हेडफोन जोडले, आणि १ जुलै १९७९ रोजी तो ३३,००० येनला वॉकमन म्हणून बाजारात आला. जो रेकॉर्डच करत नाही तो टेपरेकॉर्डर घेणार कोण, अशी शंका कंपनीतल्याच लोकांना होती. १९९८ साली कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेतला रिओ आले. त्यांनी तर कॅसेटही वजा केली, पण ३२ एमबीत जेमतेम अर्ध्या तासाची गाणी मावायची. २००१च्या ऑक्टोबरात आलेल्या पहिल्या आयपॉडने ती अडचण सोडवली ती तोशिबाच्या १.८ इंची हार्ड डिस्कने. पाच जीबीची ती इवलीशी डिस्क तोशिबाने बनवून ठेवली होती आणि तिचं नेमकं करायचं काय, हे त्यांनाच ठरवता येत नव्हतं. ॲपलच्या जॉन रुबिन्स्टाइनने ती फेब्रुवारीत पाहिली आणि दिवाळीच्या आधी ती लोकांच्या खिशात जाऊ लागली, अर्थात ३९९ डॉलर मोजून.

टचची जन्मकथा याच वळणाची. जून २००७च्या अखेरीस आयफोन विक्रीला आला. सप्टेंबरात त्यातून फोन काढला, कॅमेरा काढला, जाडी ११.६ मिलिमीटरवरून आठवर आणली, आणि उरलं ते आयपॉड टच. त्यातली काही वजाबाकी निव्वळ मुद्दाम केलेली होती. ईमेल, नकाशे, हवामान ही ॲप्स आयफोनवर पहिल्या दिवसापासून होती. टचवर ती जानेवारी २००८मध्ये आली आणि आधीच टच घेतलेल्यांना त्यासाठी वीस डॉलर भरावे लागले. पुढच्या मोठ्या अपडेटला आयफोनवाल्यांना छदामही लागला नाही, टचवाल्यांना ९.९५ डॉलर. कारण दिलं जायचं हिशेबाच्या वह्यांचं. आयफोनची कमाई कंपनी चोवीस महिन्यांवर पसरून दाखवायची, आयपॉडची विकल्याक्षणी जमेला धरायची. विकून मोकळ्या झालेल्या वस्तूत नंतर फुकट काही घातलं तर हिशेब बिघडतो, असं ते म्हणणं. फुकट अपडेट मिळायला २०१० उजाडलं.

टॅबलेटची गोष्ट उलटी. मुळात शब्दच जुना आहे. लॅटिन 'टॅब्युला' म्हणजे फळी. रोमन पोरं मेण लावलेल्या फळ्यांवर अक्षरं गिरवायची, आपली धुळाक्षरं. श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचं नावच 'पाटीगणित', तेव्हा हातात पाटी घेऊन बसण्याचं आपल्याला नवल नाही. ॲलन के याने मुलांच्या हातात मावणाऱ्या संगणकाची, डायनाबुकची, कल्पना १९७२ साली मांडली. ती वस्तू कधी तयार झालीच नाही, पण तिच्या नावाने पुढे सगळे शपथा घेत राहिले. ॲपलच्या घरात काय घडलं ते स्टीव्ह जॉब्सने जून २०१०मध्ये एका जाहीर मुलाखतीत सांगितलं. बोटांनी टाइप करता येईल असा काचेचा पडदा त्याला हवा होता तो टॅबलेटसाठी. नमुना तयार झाला, त्यावर बोट उडवलं की यादी सरकत जाऊन हळूहळू थांबते हे त्याने पाहिलं, आणि त्याला वाटलं, याचा तर फोन होईल. टॅबलेट फळीवर गेला. म्हणजे पोटात आधी राहिला तो टॅबलेट, पण उजेड आधी पाहिला फोनने, मग टचने, आणि मग एप्रिल २०१०मध्ये आयपॅडने.

आयपॅड आला तेव्हा 'हा तर मोठा केलेला आयपॉड टच' असं बरेच जण हसले होते. थट्टेला पुरावाही होता. आयपॅडवर खिशातली जुनी ॲप्स उघडली की कोपऱ्यात '२ एक्स' असं बटण दिसायचं. ते दाबलं की ४८० बाय ३२० ठिपक्यांचं चित्र दुप्पट ताणून ९६० बाय ६४०चं व्हायचं, धाकट्याची चड्डी थोरल्याला चढवल्यासारखं. हसणाऱ्यांना घराण्याची नक्कल बरोबर मिळाली होती, फक्त त्यांनी ती उलटी धरली होती.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चौथ्या पिढीचा टच आला, तेव्हाची तुलना मला सगळ्यांत रंगतदार वाटते. एका हातात ६८० ग्रॅमचा आयपॅड, दुसऱ्या हातात १०१ ग्रॅमचा टच. एक ४९९ डॉलरपासून, दुसरा २२९पासून. तक्ता वाचणाऱ्याला वाटेल, हत्ती आणि मांजर. आत डोकावलं तर दोघांची चिप एकच, ए४. मेमरीही तेवढीच, २५६ एमबी. टचचा पडदा नवा होता, ९६० बाय ६४०. म्हणजे आयपॅड '२ एक्स'चं बटण दाबून जेवढे ठिपके ओढूनताणून भरायचा, तेवढेच इथे साडेतीन इंचात अस्सल. आयपॅडचा पडदा क्षेत्रफळाने आठपट, पण त्यावर ठिपके जेमतेम सव्वापट. शेजारी शेजारी धरलं की टचवरचं अक्षर छापल्यासारखं आणि आयपॅडवरचं खडूने लिहिल्यासारखं. वर टचला पुढे-मागे दोन कॅमेरे, आयपॅडला एकही नाही.

मग टच वरचढ? छे. आयफोन ४चा पडदा कुठूनही पाहिला तरी रंग टिकवायचा, टचचा तिरका धरला की फिका पडायचा. त्याच्या मागच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो एक मेगापिक्सेलही भरत नव्हता, आयफोनचा पाच भरायचा. जाडी ७.२ मिलिमीटरवर आणली की चांगला कॅमेरा बसवायला जागा कुठून येणार? आणि ती ए४ चिप? ती एप्रिलमध्ये आयपॅडला मिळाली, जूनमध्ये आयफोनला, सप्टेंबरात टचला. हा क्रम लक्षात ठेवा. त्या घडीला कोरा सदरा आधी टॅबलेटच्या अंगावर चढत होता.

पुढच्या वर्षीही तेच. मार्च २०११मध्ये आयपॅड २ नव्या ए५ चिपसकट आला, जाडी १३.४वरून ८.८ मिलिमीटर. भारतात तेव्हा पहिलाच आयपॅड जेमतेम दुकानांत लागला होता, जानेवारीच्या अखेरीस. हौसेने घेणाऱ्यांच्या पडद्यावरचं प्लॅस्टिक निघायच्या आत त्याचा धाकटा भाऊ जाहीर झाला. टचला ए५ मिळायला २०१२चं हिवाळ्याचं तोंड उजाडलं. तीही जरा धीमी करून दिलेली. मोठा सदरा बाह्या दुमडून घालायचा, तसं.

२०१२च्या मार्चमधला तिसरा आयपॅड हा या कुळातला करंटा मुलगा. पडद्यावरचे ठिपके एकदम चौपट झाले, त्यांना पोसायला बॅटरी पावणेदोनपटीच्या घरात गेली आणि नवा आयपॅड जुन्यापेक्षा जाड आणि पन्नास ग्रॅमने जड निघाला. अपग्रेड म्हणजे आणखी सडपातळ, हे समीकरण त्याने मोडलं. कंपनीने त्याला आकडाही दिला नाही, नुसतं 'नवा आयपॅड'. सात महिन्यांत चौथा आला आणि हा 'नवा' त्याच दिवशी विक्रीतून गेला. त्याच्या आधीचा आयपॅड २ मात्र २०१४च्या मार्चपर्यंत विकला जात होता. थोरल्या भावाने धाकट्याचे दिवस घातले.

त्यानंतर घरातला मान बदलला, आणि तो तक्त्यात नव्हे, सदऱ्याच्या वाटेत दिसतो. ए८ आली ती २०१४मध्ये आयफोनला, टचला पुढच्या वर्षी, पुन्हा धीमी करून. ए१० आली २०१६मध्ये, तीही आयफोनला. दोन वर्षांनी तीच स्वस्तातल्या आयपॅडला. २०१९च्या मे महिन्यात तीच टचला, आणि सप्टेंबरात पुन्हा तीच नव्या आयपॅडला. हे शेवटचे दोघे योगायोगाने दोन्ही 'सातवी पिढी'. एक चार इंची, १९९ डॉलरचा, दुसरा १०.२ इंची, ३२९चा. एके काळी कोऱ्या कपड्यात मिरवणारा टॅबलेट आणि बहुतेक वेळा उतरलेलं घालणारा प्लेयर, दोघेही थोरल्याने तीन वर्षं वापरलेल्या एकाच कापडाच्या सदऱ्यात. महागडे आयपॅड प्रो वेगळे, त्यांचं शिवणकामच निराळं.

पहिल्या आयपॅडवर गाणी ऐकायला जे ॲप होतं त्याचं नावच 'आयपॉड' होतं. आयफोनवरही. २०११च्या अपडेटमध्ये ते नाव पुसून 'म्युझिक' केलं गेलं, आणि भावांच्या पडद्यावर आयपॉड या शब्दाची चौकट उरली नाही. वस्तू मात्र अकरा वर्षं पुढे चालली. १० मे २०२२ रोजी टचची विक्री शिल्लक माल संपेपर्यंतच चालेल असं जाहीर झालं. त्याच्या पाठीवरचा आकडा ए२१७८. जुना माल घेणारा तो पालथा घालून वाचतो आणि पुढचा कुठला, असं विचारत नाही.