लोकांची मोटार : काय वगळले, काय राखले



बाजारात बैल घ्यायला निघालेला आमचा शेतकरी नुसती किंमत विचारून परतत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, दावे सोडून चार पावले चालवून पाहतो. आणि जनावर डोळ्यांत भरले म्हणजे मगच रुमालाखाली बोटे धरून सौदा करतो. मोटार घ्यायला निघालेल्या मध्यमवर्गीय गृहस्थाचे प्रश्नही तेच. खिशाला झेपेल काय? रोज सकाळी कुरकुर न करता निघेल काय? तिसरा प्रश्न तो सहसा उघडपणे विचारीत नाही, कारण संसारी माणसाला तो थोडा अवघडवाणा वाटतो. चालविताना मन प्रसन्न होईल काय?

ह्या तीन प्रश्नांना गेल्या शतकात निरनिराळ्या देशांनी कोणती उत्तरे दिली, त्याचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. आमचे म्हणणे प्रारंभीच सांगतो. गाडी स्वस्त करावयाची म्हणजे तिच्यातून काहीतरी काढून टाकावे लागते. काय काढावे आणि काय काही झाले तरी राखावे, हे ज्याला कळले त्याची गाडी लोकांनी आपली म्हटली.

१ ऑक्टोबर १९०८ रोजी अमेरिकेत हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ बाजारात आली. तोवर मोटार हे धनिकांचे खेळणे होते. फोर्ड यांच्या नजरेपुढे होता तो खेड्यातला शेतकरी आणि त्याच्या चिखलाच्या वाटा. म्हणून त्यांनी गाडीचे पोट जमिनीपासून उंच ठेवले व व्हॅनेडियम मिसळलेले, हलके पण चिवट असे पोलाद वापरले. पेट्रोल खेचणारा पंप मात्र त्यांनी वगळला. टाकी आसनाखाली असे आणि पेट्रोल आपल्याच वजनाने इंजिनाकडे उतरे. टाकी रिकामी होत आलेली असताना तीव्र चढ लागला की पेट्रोल पुढे पोचेना. मग मंडळी गाडीचे तोंड फिरवून उलट्या चालीने टेकडी चढत! आपल्याला हसू येते, पण शेतकऱ्याला ते चालले. कारण बिघाड झालाच तर पाना आणि हातोडी घेऊन तो स्वतः गाडी दुरुस्त करू शकत होता. गाडी विश्वासू ठरते ती केवळ बिघडत नाही म्हणून नव्हे. बिघडली तर आपल्या आवाक्यात सुधारते, हाही विश्वासाचाच भाग आहे.

१९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात जुळणीचा सरकता पट्टा सुरू झाला. गाडीचा सांगाडा जुळवायला पूर्वी सुमारे साडेबारा तास लागत, ते काम दीड तासावर आले. १९०८ मध्ये साडेआठशे डॉलरांच्या घरात असलेली किंमत उतरत उतरत १९२५ मध्ये सर्वांत स्वस्त नमुन्याला २६० डॉलरपर्यंत खाली आली. मध्यंतरी १९१४ मध्ये फोर्ड यांनी कामगारांना दिवसाला पाच डॉलर देऊ केले होते. त्यामुळे गाडी बनविणारालाही ती विकत घेण्याची आशा धरता आली. परंतु १९१४ ते १९२५ पर्यंत ही गाडी काळ्या रंगातच मिळे. हौसेला मोल नसते म्हणतात, पण फोर्ड यांनी तिला जागाच ठेवली नाही. हातात चार पैसे खेळू लागले तेव्हा तेच गिऱ्हाईक रंग, बंदिस्त छत आणि हप्त्यांची सोय शोधत शेव्हरोलेकडे वळले. दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्यावर १९२७ मध्ये मॉडेल टीचे उत्पादन थांबले.

जर्मनीत लोकांच्या मोटारीची कथा अधिक कटू आहे. हिटलरच्या राजवटीने ९९० मार्कांत मोटार देण्याचे वचन दिले आणि फर्डिनांड पोर्श यांनी तिचा आराखडा केला. १९३८ पासून लोकांनी दर आठवड्याला पाच मार्कांचे तिकीट घेऊन पुस्तिकेत चिकटवावे, पुस्तिका भरली की गाडी मिळेल, अशी ही योजना. सुमारे तीन लाख छत्तीस हजार लोकांनी आपली बचत त्यात घातली. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले, कारखान्यातून लष्करी वाहने निघू लागली आणि त्या बचतदारांपैकी एकालाही योजनेची गाडी मिळाली नाही. यंत्र मात्र अस्सल होते. पोर्श यांनी इंजिन गाडीच्या मागे बसवून ते वाऱ्याने थंड ठेवले. त्यामुळे थंडीत गोठायला किंवा उन्हात उकळायला पाणीच उरले नाही. युद्धानंतर आयव्हन हर्स्ट ह्या ब्रिटिश मेजरने मोडका कारखाना पुन्हा उभा केला आणि तीच गाडी ‘बीटल’ ह्या नावाने जगभर गेली. १९७२ मध्ये तिने मॉडेल टीचा विक्रम मोडला. २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची गाडी निघेपर्यंत आकडा दोन कोटी पंधरा लाखांवर पोचला. जुन्या बचतदारांना मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि १९६१ मध्ये थोड्याशा सवलतीवर तडजोड झाली. ह्या योजनेत पाण्याच्या टाकीबरोबर गिऱ्हाइकाला दिलेला शब्दही वगळला गेला होता.

आता फ्रान्सकडे वळू. ‘काय वगळावे’ ह्या कलेत फ्रेंचांइतके तरबेज कोणी झाले नाही असे आम्हांस वाटते. सित्रोएन कंपनीचे प्रमुख प्येर ब्युलांजे यांनी १९३० नंतरच्या दशकात आपल्या कारागिरांना घातलेल्या अटी प्रसिद्ध आहेत. दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे मावले पाहिजेत. ताशी ६० किलोमीटर वेग हवा. शंभर किलोमीटरला तीन लिटरच पेट्रोल जावे. आणि अंड्यांची करंडी घेऊन नांगरलेल्या शेतातून गाडी नेली तरी एकही अंडे फुटता कामा नये. घोडागाडीतून बाजाराला जाणाऱ्या कुटुंबाच्या गरजा पाहून ह्या अटी ठरल्या होत्या. युद्ध आले तेव्हा जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून तयार नमुने लपवून ठेवण्यात आले. १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात ही ‘दे-शव्हो’, म्हणजे दोन घोड्यांची गाडी, प्रथम लोकांपुढे आली तेव्हा वृत्तपत्रकारांनी तिची यथेच्छ टर उडविली.

टर उडविण्याजोगे तिच्यात होतेच. इंजिन ३७५ घनसेंटिमीटरचे, शक्ती नऊ अश्वशक्तीची. छत कापडाचे, गुंडाळून मागे सारण्याचे. काच पुसणाऱ्या काडीला स्वतंत्र मोटर नव्हती. वेगमापकाच्या तारेवरच ती फिरे, म्हणजे गाडी मंदावली की काडीही मंदावे. परंतु एका ठिकाणी ब्युलांजे यांनी काटकसर केली नाही. पुढची व मागची चाके स्प्रिंगांनी एकमेकांशी अशी जोडली होती की पुढच्या चाकाला बसलेला धक्का मागच्याशी वाटून घेतला जाई आणि आतले माणूस सुखात राही. आसने उचलून बाहेर काढावीत व झाडाखाली मांडून वनभोजन करावे, हेही साधत असे. टीकाकार हसत राहिले, आणि घेणारांची रांग काही वर्षांची झाली. पुढे १९९० पर्यंत ही गाडी निघत होती. चैन जवळजवळ सगळी गेली तरी अंड्यांची करंडी आणि माणसाची पाठ शाबूत राहिली, म्हणून लोकांनी तिच्यावर प्रेम केले.

इंग्लंडात निमित्त झाले ते सुएझचे. १९५६ च्या त्या पेचप्रसंगात पेट्रोलला नियंत्रण आले आणि लहान गाडीची निकड भासू लागली. अलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसविले व गिअरपेटी त्याच्याच खाली, तेलाच्या भांड्यात घातली. दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसे नीट बसू लागली. ऑगस्ट १९५९ मध्ये आलेल्या ह्या ‘मिनी’ने जागा वाया घालविणे तेवढे वगळले. चाके चारी कोपऱ्यांत गेल्यामुळे वळणावर ती अशी काही बिलगून वळे की १९६४, १९६५ व १९६७ साली माँटे कार्लोच्या अवघड शर्यतीत तिने मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकले. पहिल्या गाड्यांत पावसाचे पाणी पायाशी शिरे, हा दोष खरा; पण चालविण्याचा आनंद हा किमतीवर अवलंबून नसतो, तो रचनेत असतो, ही गोष्ट जगाला तिने पटविली.

आता आपल्या घराकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये मोटारी निघू लागल्या. १९४९ मध्ये सरकारने तयार मोटारींची आयात बंद केली. नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी पुढे काही वर्षांत गाशा गुंडाळला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे भारतीय गृहस्थापुढे कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड एवढाच काय तो पर्याय होता. पैसे भरावेत आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. जुनी फियाट नव्या गाडीच्या किमतीहून अधिक भावाला विकली जाई, हा अर्थशास्त्रातला उलटा चमत्कार त्या काळी नित्याचा होता. परदेशातल्या कारागिरांनी गाडीतून एकेक भाग वगळला. आपल्या व्यवस्थेने निवड करण्याचा हक्कच वगळला.

तथापि त्या गाड्यांना नावे ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. फियाट ११०० ही पुढे ‘पद्मिनी’ झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दोन पिढ्यांच्या सुखदुःखांत सामील झाली. गल्लीबोळांतल्या मिस्त्र्यांना तिचे पोट तोंडपाठ होते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली व वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. त्याच काळातली आणखी एक आठवण महाराष्ट्राने जपली पाहिजे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी फारसे शालेय शिक्षण नसताना १९४९ मध्ये एका छोट्या मोटारीचा नमुना स्वतः तयार केला, आणि पुढे वीसेक वर्षे तो सुधारीत नेऊन ‘मीरा’ ही गाडी सिद्ध केली. ती कारखान्यापर्यंत पोचली नाही. कल्पकता आपल्याकडे होती. तिला वाट मोकळी नव्हती.

वाट मोकळी झाली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी, दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती पडली तेव्हा. जपानच्या सुझुकी कंपनीशी करार करून सरकारी कंपनीने काढलेली ही ७९६ घनसेंटिमीटरची, पन्नास हजारांच्या आसपास किमतीची गाडी सकाळी किल्ली फिरवताच सुरू होई आणि हलक्या हाताने वळे. अनेक घरांतल्या स्त्रिया ह्याच गाडीवर मोटार शिकल्या. परवडणे, विश्वास आणि हौस ही तिन्ही आपल्याकडे प्रथमच एका दारात उभी राहिली. २०१४ पर्यंत ती निघत होती.

आणि मग ‘नॅनो’. भर पावसात एकाच स्कूटरवर बसलेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांच्या मनात ही गाडी आली. १० जानेवारी २००८ रोजी ती लोकांना दाखविण्यात आली. किंमत एक लाख. एकच काच-काडी, चाकाला तीनच नट, सुरुवातीच्या गाड्यांना मागचे दार उघडणारे नाही. वगळण्याच्या कलेची जणू परीक्षाच होती ती. बुद्धी अलौकिक, हेतू निर्मळ. पण ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हा शिक्का तिच्या कपाळी बसला, आणि तो शिक्का भोवला हे पुढे स्वतः टाटांनीही मान्य केले. आयुष्यात पहिली मोटार दारात आणणारा माणूस पेढे वाटतो, शेजाऱ्यांना बोलावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ‘हिच्याहून स्वस्त काही मिळत नव्हते’ असे त्या दिवशी त्याला ऐकायचे नसते. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

आणखी एक गोष्ट वगळण्याजोगी नाही, आणि ती आपण फार उशिरा शिकलो. जानेवारी २०१४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय लहान गाड्यांची, हवेच्या पिशव्या नसलेल्या नमुन्यांची, परदेशात टक्कर-चाचणी झाली. पाचही गाड्यांना मोठ्या प्रवाशाच्या रक्षणाबद्दल शून्य तारे मिळाले. त्यानंतर कायदा बदलला. चालकापुढची हवेची पिशवी २०१९ पासून सक्तीची झाली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच देशात ताऱ्यांची मोजणी सुरू झाली. स्वस्ताई कोणाच्या जिवावर मिळते, हा प्रश्न विचारायला शंभर वर्षे लागली.

तेव्हा गाडी घ्यायला निघाल तेव्हा दुकानातल्या झगमगाटाआधी आपला रोजचा रस्ता डोळ्यांपुढे आणा : शाळा, कचेरी, मंडई, पावसाळ्यातले खड्डे, आणि मागच्या आसनावर बसणाऱ्या आईचे गुडघे. जवळच्या मिस्त्रीला ती गाडी उघडता येते का, ते विचारा. किंमत कमी असेल तर काय वगळून कमी झाली, ते विचारा. छत कापडाचे असले तरी चालेल. जिवाचे रक्षण कापडाचे चालणार नाही. एवढे समाधान झाल्यावर स्वतः चाकामागे बसून दोन कोस चालवून पाहा. उतरताना चेहऱ्यावर हसू असेल तर संकोच न करता तेही हिशेबात धरा. आपल्या वडीलधाऱ्यांना हा हिशेब करण्याची संधीच मिळाली नव्हती.